वाचकांचे प्रश्न: मुलांना घेऊन चांगथांगच्या पशुपालकांकडे जाताना

लडाखचा सीझन जवळ आला की या कॉलमकडे पत्रं वाढतात. यावेळी बरीचशी पत्रं पूर्व लडाखमधल्या चांगथांगबद्दल आहेत, म्हणजे त्सो मोरीरी आणि त्सो कार ही सरोवरं, हनले गाव हा सगळा उंच पठाराचा भाग, जिथं चांगपा लोक शेळ्या, मेंढ्या आणि याक घेऊन कुरणामागून कुरण फिरतात. मुलांना तिकडे न्यावं का, नेलं तर कसं वागावं, असे प्रश्न आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतेय.

ताई, जुलैमध्ये दोन मुलांना (५ आणि ९ वर्षं) घेऊन जातोय. एजंट म्हणतो त्सो मोरीरीच्या वाटेवर चांगपांच्या तंबूत एक रात्र 'नोमॅड एक्सपिरियन्स' म्हणून देतो. मुलांनी हे जग बघावं असं फार वाटतं, पण कुणाच्या घरात असं पैसे देऊन घुसणं बरोबर आहे का? – दोन मुलांची आई

जरूर जा, पण आधी त्या एजंटला चार प्रश्न विचारा. कुठल्या कुटुंबाकडे नेणार, आम्ही येतोय हे त्यांना माहीत आहे का, पैसे कुणाच्या हातात जाणार, आणि आम्ही येऊ त्या आठवड्यात ते लोक तिथून हलले असतील तर काय करणार. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चांगपांचा मुक्काम गवतावर ठरतो, आपल्या बुकिंगवर नाही. कुठल्या कुटुंबानं कुठल्या कुरणात कधी जायचं हे ते लोक आपसात ठरवतात, त्यांचा गोबा म्हणजे गावप्रमुख त्यात असतो, आणि हा नीट पाळला जाणारा हिशोब आहे कारण एक कुरण आधीच चरून संपलं तर हिवाळ्यात जनावरं उपाशी राहतात. त्यामुळे 'अमुक तारखेला तंबू नक्की इथंच असेल' असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तो तंबू बहुतेक टुरिस्टसाठीच लावलेला असणार. तसा असला तरी वाईट नाही, फक्त मुलांना ते कुणाचं राहतं घर आहे असं सांगू नका.

राहत्या तंबूत रात्र काढायचा आग्रह मात्र मी धरणार नाही. रेबो म्हणजे याकच्या केसांच्या जाड कापडाचा काळा तंबू, आता पांढरे कॅनव्हासचे तंबूही तितकेच दिसतात, आणि आत एका कुटुंबापुरतीच जागा असते. मध्ये चूल, मागे देवाची जागा, कडेनं पोती आणि अंथरुणं. चार पाहुणे झोपले की घरच्या दोघांना बाहेर झोपावं लागतं आणि ते तुम्हाला तसं सांगणार नाहीत. त्सो मोरीरीच्या काठावर कोरझोक गावात होमस्टे आहेत, तिथं राहा आणि दिवसा दोन-तीन तास ओळखीच्या स्थानिक माणसाबरोबर कॅम्पवर जा. एका गाडीनं, एकाच कुटुंबाकडे.

वेळेचं सांगते. सकाळी दूध काढायचं काम असतं, आणि ते मुलांनी बघावं असंच आहे. शेळ्यांना एकमेकींसमोर तोंडं करून दोन रांगांत उभं करतात आणि एकाच लांब दोरीनं माना अशा गुंफत नेतात की वेणी घातल्यासारखं दिसतं, मग बायका मागच्या बाजूनं एकेक शेळी पिळत जातात आणि सगळं झालं की दोरीचं टोक ओढलं की अख्खी रांग सुटते. हे बघताना मुलं रांगेच्या जवळ गेली तर शेळ्या बिथरतात आणि त्या बाईचं काम दुप्पट होतं, म्हणून बाजूला बसून बघायचं. त्यानंतर कळप चरायला जातो. मग घरातलं माणूस थोडं मोकळं असतं, गप्पा तेव्हा होतात. संध्याकाळी कळप परत येतो तेव्हा जनावरांच्या दगडी वाड्याच्या तोंडाशी उभं राहू नका, ती त्यांची सगळ्यात गडबडीची वेळ असते.

पैसे उघडपणे द्या. 'प्रेमानं बोलावलं, पैसे कसे देणार' असं आपल्याला वाटतं पण अर्धा दिवस कुणाचं तरी काम अडवलंय त्याचे पैसे असतात ते. किती ते आधीच स्थानिक माणसाकडून ठरवून घ्या, आणि शक्यतो घरच्या बाईच्या हातात द्या.

माझी मुलगी दोन वर्षांची आहे. विमानानं लेह, एक दिवस आराम, दुसऱ्या दिवशी त्सो मोरीरी असा प्लॅन आहे. ऑक्सिजनचे कॅन बरोबर घेतोय, चालेल ना? – एक बाबा

नाही, अजिबात चालणार नाही. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे आणि त्सो मोरीरी ४,५०० च्या वर. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा साधा नियम आहे, तुम्ही एकदम १,००० वाढवताय. मोठ्या माणसाचं डोकं दुखलं की तो सांगतो, दोन वर्षांचं मूल फक्त किरकिर करतं, खात नाही, झोपत नाही, उलटी करतं, आणि आपण म्हणतो प्रवासानं दमलीय. तिथंच धोका आहे.

ऑक्सिजनचा कॅन काही मिनिटं पुरतो, तो उंचीवरून खाली उतरण्याला पर्याय होऊ शकत नाही. आणि कोरझोकहून लेह म्हणजे गाडीनं सहा-सात तास, रात्री तर जास्तच. चांगलं हॉस्पिटल लेहलाच. इतक्या लहान मुलीला घेऊन माझं सरळ मत, यावेळी लेह आणि सिंधूच्या काठची खालची गावं करा, चांगथांग चार-पाच वर्षांनी करा, ते कुठं जात नाहीये.

ज्यांची मुलं मोठी आहेत त्यांनीसुद्धा लेहला कमीत कमी पूर्ण दोन दिवस, तीन असतील तर उत्तम, काहीही न करता काढावेत. मग त्सो मोरीरीच्या वाटेवरच्या चुमाथांगच्या आसपास एक मुक्काम, तिथं उंची साधारण ४,००० आहे, आणि मग वर. मनालीकडून रस्त्यानं येणाऱ्यांनी सरचूच्या मुक्कामाची काळजी घ्या, ते ४,२०० च्या वर आहे आणि बऱ्याच घरांमध्ये मुलांची पहिली उलटी तिथंच होते. त्याच फेरीत सरळ त्सो कारकडे वळायचा मोह होतो, कारण नकाशावर ते वाटेतच दिसतं, पण आधी लेहला उतरा, शरीर सवय करून घेऊ दे. डोकं दुखतंय आणि उलटी होतेय तर त्या दिवशी वर जायचं नाही. चालताना तोल जातोय, बसल्या जागी धाप लागतेय, मूल गुंगीत आहे, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली. औषधं मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच, ग्रुपवरचे डोस घेऊ नका. सर्दी-खोकला झालेलं मूल असेल तर प्लॅन पुढे ढकला.

तिकडच्या मुलांसाठी चॉकलेट, पेन, जुने स्वेटर अशी एक बॅग भरलीय. आमच्या मुलीनं स्वतःचे खेळणीपण दिलेत. कसं वाटायचं?

मुलीचं मन मोठं आहे, ते जपा, पण रस्त्यावर गाडी थांबवून वाटू नका. एका गाडीनं वाटलं की दुसऱ्या गाडीमागे मुलं धावतात, हे कितीतरी टुरिस्ट रस्त्यांवर झालंय आणि आईबापांना ते आवडत नाही. चॉकलेटनं दात किडतात आणि तिथं दाताचा डॉक्टर नाही. शिवाय तुम्हाला कॅम्पवर शाळेच्या वयाची मुलं कमीच दिसतील, बरीचशी निवासी शाळांमध्ये असतात, चांगथांगमधल्या पुगाला भटक्या कुटुंबांच्या मुलांसाठी अशी शाळा आहे. वह्या-पुस्तकं द्यायची तर शाळेत शिक्षकांना विचारून द्या. ज्या घरी जाणार तिथं न्यायचंच असेल तर ताजी भाजी, फळं, डाळ, तांदूळ, चहापत्ती न्या, ताजी भाजी तिकडे फार लांबून येते. आणि हे घरच्या मोठ्या माणसाच्या हातात द्या, दोन्ही हातांनी, 'जुले' म्हणून. जुलेमध्ये नमस्कार, आभार, येतो, सगळं येतं, मुलं पहिल्या दिवशी शिकतात.

मुलगा १५ वर्षांचा, रील्स बनवतो, ड्रोन घेतलाय. त्याला काय सांगू?

ड्रोन घरी ठेवायला सांगा. सीमेजवळचा भाग आहे, परवानगीशिवाय उडवणं कायद्यातच बसत नाही, आणि तो आवाज ऐकून शेळ्यांचा कळप उधळला तर गोळा करायला कुणाचातरी अख्खा दिवस जातो. काळ्या मानेचे क्रौंच तिथल्या पाणथळीत अंडी घालतात, तो लडाखचा राज्यपक्षी आहे, त्याच्या घरट्यावर ड्रोन नेणं म्हणजे सरळ नुकसान.

कॅमेऱ्याचं असं, की आधी ओळख, मग चहा, मग विचारणं, मग फोटो. नाही म्हटलं तर नाही. आंघोळ करणारी मुलं, दूध पाजणारी बाई, देवाची जागा यांचे फोटो विचारूनसुद्धा नकोत. लोकेशन टॅग करू नका, पुढच्या महिन्यात दहा गाड्या त्याच तंबूशी येतात. पण मुलाचा उत्साह मारू नका हं, त्याला एक काम द्या. मेंढपाळ जवळ विणलेली गोफण बाळगतात, त्यातून दगड कळपाच्या पुढे टाकून भरकटलेली जनावरं वळवतात. ते शिकवा म्हणून विचारलं तर म्हातारी माणसं खुश होऊन दाखवतात, आणि त्याची रील त्यांच्या परवानगीनं, त्यांना दाखवून टाकली तर काय हरकत आहे. प्रिंट काढून कोरझोकच्या होमस्टेच्या पत्त्यावर पाठवा, फोटो पाठवतो म्हणून सांगणारे शेकडो, पाठवणारे मोजके.

कुत्र्यांची फार भीती वाटते, मुलगा प्राणी दिसला की धावत जातो.

भीती योग्य आहे. कॅम्पची कुत्री राखणीची असतात, लांडग्याच्या अंगावर जाणारी. गाडी लांब थांबवा, आत कुणी असेल तर हाक मारा, घरचं माणूस बाहेर येऊन कुत्रं आवरेपर्यंत गाडीतच बसा. मुलाचा हात धरून चाला, पळायचं नाही. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं निदान १५ मिनिटं धुवा आणि लस घ्यायला लगेच निघा, थांबून बघू म्हणू नका.

दुसरी कुत्री म्हणजे भटकी, रस्त्याकडेच्या कॅम्पांजवळ आणि ढाब्यांजवळ टोळीनं फिरणारी. त्यांना बिस्किटं घालू नका, मुलांना कितीही वाटलं तरी. उन्हाळ्यात टुरिस्टांच्या उष्ट्यावर त्यांची संख्या वाढते, सीझन संपला की तीच कुत्री शेळ्यांची करडं, क्रौंचाची पिल्लं मारतात. म्हणून उरलेलं अन्न बाहेर फेकायचं नाही, पिशवीत भरून परत. डायपर, ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड सगळं लेहला परत आणायचं. आणि चुलीत तर काहीच टाकू नका, चॉकलेटचा कागदसुद्धा नाही. तिकडे चूल पवित्र असते, घाण जाळली तर देवता रागावते असं मानतात, आणि चूल ओलांडणं, तिच्याकडे पाय करून बसणं हेही वाईट दिसतं. कुठं बसायचं ते घरचे दाखवतील, तोवर दाराशी थांबा. टॉयलेटला झऱ्यापासून निदान ७० पावलं लांब, झऱ्यात साबण लावून भांडी-हात धुऊ नका, तेच पाणी माणसं आणि जनावरं पितात.

मुलांनी तिथला चहा प्यायला नाही तर अपमान होतो का?

नाही होत. लोणी-मिठाचा गुरगुर चहा मुलांना पहिल्यांदा सूपसारखा लागतो, एक घोट घेऊ दे, बास. कप रिकामा केला की लगेच भरतात, म्हणून मोठ्यांनी थोडं थोडं प्यावं. छुरपे म्हणजे वाळवलेलं चीज, दगडासारखं असतं, चावू नका, गालात धरून चघळा, लहान मुलांना मोठा तुकडा देऊ नका, घशात अडकू शकतो. मुलांचं नेहमीचं खाणं तुमच्याजवळ ठेवा, म्हणजे घरच्यांना खास काही करावं लागणार नाही.

पश्मिना तिकडून थेट घ्यावा म्हणजे पैसे त्या लोकांना मिळतील असं वाटतं. खरा कसा ओळखायचा?

विचार चांगला आहे, पण कॅम्पवर तुम्हाला तयार मुलायम शाल मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, आणि ते कळायला शेळीपासून सुरुवात करावी लागते. हिवाळ्यात तिकडे शून्याखाली ३० अंशांच्याही खाली जातं, तेव्हा चांगथांगी शेळीच्या लांब केसांखाली मऊ लोकरीचा थर येतो. उन्हाळा लागला की तो सुटायला लागतो. मग शेळीचे पाय बांधून आडवी करतात आणि वाकड्या लोखंडी दातांच्या फणीनं तासभर विंचरतात, कातरत नाहीत. एका शेळीमागे काही शे ग्रॅम कच्चा माल निघतो आणि त्यातले जाड केस, माती काढली की साधारण निम्मा किंवा त्याहून कमी उरतो. धागा १२ ते १५ मायक्रॉनचा. हा कच्चा माल बराचसा लेहला सफाईच्या मशीनवर जातो आणि पुढे काश्मीरला विणायला. ही वाटसुद्धा जुनी आहे, लडाख आणि तिबेटमधल्या १६८४ च्या तिंगमोसगंगच्या तहानंतर पश्मिन्याच्या व्यापारावर काश्मीरचा हक्क बसला. म्हणजे शेळी एकाची, शाल दुसऱ्याची, आणि मधला मोठा पैसा तिसऱ्याचा.

आता लडाखमध्येच विणायचे प्रयत्न जोरात आहेत, लेहला लूम्स ऑफ लडाख ही बायकांची सहकारी संस्था आहे, २०२३ मध्ये लडाख पश्मिन्याला जीआय टॅग, म्हणजे हा माल याच भागातला असं सांगणारी सरकारी ओळखही मिळाली. शाल घ्यायची तर अशा ठिकाणी, बिल घेऊन घ्या. अंगठीतून शाल जाते का ही परीक्षा मनावर घेऊ नका, बारीक विणलेली कुठलीही पातळ शाल जाते. 'शाहतूश' कुणी दाखवली तर हात लावू नका, ती चिरू नावाच्या हरणासारख्या प्राण्याला मारून बनते आणि तिची विक्री गुन्हा आहे.

कॅम्पवर काय घ्यायचं? मेंढीच्या आणि याकच्या लोकरीच्या पट्ट्या, पिशव्या, दोऱ्या, गोफणी. बायका कमरेला बांधायच्या मागावर विणतात, जमिनीवर बसून, मागाचं एक टोक पाठीशी आणि दुसरं खुंटीला, आणि तंबूचं जाड कापड पुरुष वेगळ्या मागावर विणतात. मुलांना हे तासभर बघू द्या. मग घासाघीस करायची इच्छाच होत नाही, आणि करूही नका.

गेल्या वर्षी जाऊन आलो. खरं सांगू, निराशा झाली. सोलर पॅनेल, पिकअप गाड्या, प्लास्टिकची ताडपत्री, पोरांच्या हातात मोबाइल. खरे भटके उरलेत कुठं? – एक नाराज वाचक

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि मनापासून उत्तर देतेय. खरेपणा याकच्या पाठीवर सामान आहे का गाडीत यावर ठरत नाही हो. सोलर दिव्यानं रात्री करडू जन्मलं तर दिसतं. गाडीनं आजारी माणूस लेहला पोचतो. २०१३ च्या सुरुवातीला चांगथांगमध्ये इतका बर्फ पडला की गवत गाडलं गेलं आणि हजारो जनावरं मेली, अशा वेळी चारा गाडीनं आणता येतो. आणि अजूनही तो कळप गवतामागे हलतो, अजूनही पहाटे कुणीतरी थंडीत उठून शेळ्या पिळतं.

खरी काळजीची गोष्ट वेगळी आहे. चांगथांगमधल्या खरनाक भागातली बरीच चांगपा कुटुंबं जनावरं विकून लेहजवळ खरनाकलिंगला येऊन राहिलीत, मजुरी करतात, ड्रायव्हर झालेत. मुलांचं शिक्षण, हिवाळ्यातली एकटेपणाची राखण, दवाखाना लांब, मजूर मिळत नाहीत, कारणं साधी आहेत. लेहला खरनाकलिंगमधल्या कुणाशी ओळख झाली तर अर्धा तास बोला, मुलांनाही बसवा, कॅम्प बघण्याइतकंच ते महत्त्वाचं आहे. आणि जे वर राहिलेत त्यांचं कुरण आपण तरी खराब करू नये. रस्ता सोडून गाडी मैदानात घालायची, कियांगच्या म्हणजे तिथल्या रानगाढवांच्या कळपामागे पळवायची, पाण्यात चाकं घालून फोटो काढायचे, हे दिसलं तर ड्रायव्हरला तिथंच थांबवा, तो तुमच्याच आग्रहानं करत असतो बऱ्याचदा. तिकडचं गवत बोटभर उंचीचं, वाढायला उन्हाळ्याचे मोजके महिने, चाकाची खूण वर्षानुवर्षं राहते. त्सो मोरीरी आणि त्सो कार दोन्ही रामसर यादीतल्या, म्हणजे जगभरात जपायच्या म्हणून ठरवलेल्या पाणथळी आहेत, तिथं काठावर तंबूही ठोकायचे नाहीत.

कधी जावं, आणि फोन लागतो का?

मुलांबरोबर असाल तर जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. उन्हाळ्यात कोरझोकच्या गोम्पात म्हणजे बौद्ध मठात गुस्तोरचा उत्सव असतो, मुखवट्यांचे नाच, तेव्हा लांबलांबची चांगपा कुटुंबं तिथं जमतात, तारीख तिबेटी पंचांगानं दरवर्षी बदलते म्हणून लेहला विचारून घ्या. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या, तरी चांगथांगमध्ये बराच वेळ रेंज नसेल हे धरून चाला आणि घरी तसं सांगून ठेवा. परमिटचे नियम सीमेमुळे बदलत राहतात, निघायच्या आठवड्यात लेह प्रशासनाकडून खात्री करा, मुलांची ओळखपत्रंसुद्धा छापील कॉपीसकट जवळ ठेवा. रात्री उन्हाळ्यातही पाणी गोठू शकतं, मुलांना कानटोपी, जाड मोजे, दुपारसाठी गॉगल आणि सनस्क्रीन. आणि एकाच दिवसात पँगाँग, हनले, त्सो मोरीरी असं कुणी बसवून देत असेल तर त्यातलं एकच ठिकाण ठेवा, बाकीची दोन सोडा आणि निवांत तिथंच राहा.